हिशेब तपासणाऱ्याचे पोट

आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी नगरच्या कापडबाजारात किंवा आडतेबाजारात एक फेरी मारावी. दुकानादुकानांतून वहीपूजन चाललेले असते. तांबड्या बांधणीची लांबट चोपडी पाटावर मांडलेली, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, वर 'श्री', शेजारी साळीच्या लाह्या आणि बत्तासे, आणि शेठजींच्या मांडीवर नव्या कपड्यांतला नातू. अलीकडे हिशेब यंत्रावर ठेवतात; पण म्हणून पूजा चुकलेली नाही. यंत्रालाही हळदकुंकू लागते आणि पाटावर एक कोरी वही तरीही ठेवली जातेच. हिशेबाला देवघरात जागा देणारे लोक आहोत आपण!

या सोहळ्यात वहीची पूजा होते, वही लिहिणाऱ्या मुनिमाला मिठाईचा पुडा आणि दिवाळीचे बक्षीस मिळते. वही तपासणाऱ्याची मात्र कुणाला आठवण होत नाही. झालीच तर ती फारशी प्रेमाची नसते. तपासनीस हा बिचारा न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. त्याच्यापुढे चहा ठेवायचा, सगळे ठीक आहे असे त्याने म्हणेपर्यंत हसतमुख राहायचे आणि तो जिना उतरला की सुटकेचा निःश्वास टाकायचा. या माणसाचे पोट कोण भरतो, किती भरतो आणि कशाच्या मापाने भरतो, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही.

दिवाळीच्या फराळात असा विषय म्हणजे चिवड्यात खडा, असे कुणी म्हणेल. पण वाचकांनी थोडा धीर धरावा. या एका रुक्ष प्रश्नाच्या उत्तरावर गेल्या दोनशे वर्षांत लक्षावधी गरिबांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे, आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर म्हणवणाऱ्या जिल्ह्यातल्या, हजारो घरांचे आजही आहे.

किल्ला आणि किल्लेदार

अर्धपोटी किंवा असंतुष्ट राखणदार काय करतो, हे नगरकरांना कुणी नव्याने सांगायला नको. आपला हा भुईकोट किल्ला १७५९ साली पेशव्यांच्या ताब्यात आला तो तोफा डागून आला नाही. निजामाचा किल्लेदार कवीजंग याने पैसे घेतले आणि दरवाजे उघडले. खंदक खोल होता, तट भक्कम होता. राखणारा विकाऊ होता. हिशेबाच्या वहीचे याहून वेगळे काय आहे?

जुन्या मराठी कारभाऱ्यांना ही गोष्ट चांगली उमगलेली होती. परगण्यावर कमावीसदार नेमला की त्याच्याबरोबर दरकदार नेमले जात. मजमुदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस ही त्यांची नावे आजही आपल्या आडनावांतून नांदत आहेत. यांपैकी मजमुदार हा जमाखर्च तपासणारा. खुबी अशी की या दरकदारांची नेमणूक हुजुरातून होई आणि कमावीसदाराला त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे. ज्याचा हिशेब तपासायचा, त्याच्याच हाती तपासणाऱ्याची भाकरी ठेवू नये, हे तत्त्व त्यांनी कुठल्याही इंग्रजी पुस्तकातून घेतलेले नव्हते. तत्त्व उत्तम होते. व्यवहारात त्याला पाय फुटले. उत्तर पेशवाईत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, 'दरबारखर्च' आणि 'अंतस्थ' या गोंडस नावांखाली वरकमाई रूढ झाली, आणि तपासणारा व तपासला जाणारा एकाच पंगतीला बसू लागले. पंगत झकास झाली. मोडली ती रयत.

१८१८ साली इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन हेन्री पॉटिंजर नगरचा पहिला कलेक्टर झाला. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडेच राहिले, पण सावकाराची वही तपासणारे कुणीच नव्हते. त्याचा परिणाम १८७५ साली दिसला. मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला पेटलेला दंगा नगर जिल्ह्याच्या गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख होता तो सावकाराच्या कागदांवर. रोखे आणि खतपत्रे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्याला वाचता येत नाही आणि जी दुसराही कुणी आपल्यासाठी वाचून पाहत नाही, ती जाळून टाकावी एवढाच मार्ग त्या शेतकऱ्याला उरला होता. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. रोख्यावरचा आकडा डोळे मिटून खरा न मानता कर्जाचा इतिहास मुळापासून तपासावा, ऋणकोला पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा, असे त्यात सांगितले होते. हिशेब मागणे हा गरिबाचा हक्क आहे, हे आपल्या जिल्ह्याने अशी किंमत देऊन कायद्यात लिहवून घेतले.

गिरमिटाचा जमाखर्च

ज्या शतकात दख्खनचा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता, त्याच शतकात हिंदुस्थानातले लक्षावधी मजूर एका वेगळ्या वहीत नोंदले जात होते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी उठली. मॉरिशस, ट्रिनिडाड, डेमरारा येथील उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून मॉरिशसला उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, शिधा-कपडा, आणि निघतानाच काही महिन्यांच्या पगाराची उचल. १९२० पर्यंत एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली; साऱ्या वसाहती मिळून बारा लाखांहून अधिक. मुंबई बंदरातून जे मराठी लोक मॉरिशसला गेले त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे, पुष्कळ. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थीला मूर्ती आणतात.

या कराराला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटले. 'अॅग्रिमेंट' जिभेवर घोळता घोळता झालेला हा शब्द. मराठीच्या मास्तराला शब्दांच्या मागे लागण्याची खोड असते, ती क्षम्य मानावी. पण मराठीत गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. फिरत फिरत, आवाज न करता, लाकडात खोल शिरणारे! परभाषेतल्या दोन वेगळ्या शब्दांची मोडतोड होऊन एकच रूप तयार व्हावे आणि ते इतके चपखल बसावे, हा भाषेचा योगायोग खरोखर विलक्षण आहे.

गिरमिटाची वही मोठी गुंतागुंतीची होती. खेड्यातून माणूस आणणारा भरती-दलाल, बंदरावरच्या डेपोत त्याला ठेवून जहाजात चढवणारा वसाहतीचा एजंट, करार त्याला समजला आहे ना, तो राजीखुशीने चालला आहे ना, हे पाहणारा सरकारी 'प्रोटेक्टर' म्हणजे संरक्षक, जहाजावरचा डॉक्टर, पलीकडच्या बंदरावर नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा लिहून घेऊन क्रमांक देणारा कारकून, मग मळ्यावरचा 'सरदार', जो आपल्याकडच्या सरदारांप्रमाणे घोड्यावर बसत नसे, टोळीवर नजर ठेवीत असे, आणि शेवटी मजुरीचा खटला चालवणारा मॅजिस्ट्रेट. भरतीचा खर्च, डेपोतला शिधा, जहाजाचे भाडे, उचल, कपात, परतीचा प्रवास या सगळ्यांची खाती. एवढ्या लांबीच्या साखळीत कुठेतरी एक प्रामाणिक डोळा असावा लागतो. तो डोळा ज्याचा, त्याला काय आणि कसे द्यायचे?

माणशी की महिन्याला?

येथे त्या वेळच्या कायदेपंडितांना श्रेय दिले पाहिजे. प्रश्न त्यांना कळला होता. एकोणिसाव्या शतकातल्या परदेशगमनाच्या कायद्यांत एक कलम पुनःपुन्हा येते: वसाहतीच्या एजंटाचे वेतन त्याने किती माणसे पाठवली या संख्येवर अवलंबून असता कामा नये, ते ठरावीक वार्षिक पगाराच्या स्वरूपाचे असावे. कलम साधे आहे, पण त्यामागे कटू अनुभव आहे. सुरुवातीच्या काळात फसवणूक आणि पळवापळवी इतकी झाली की १८३९ साली ही वाहतूकच बंद करावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती मॉरिशसपुरती पुन्हा सुरू झाली तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांवर देखरेखीची व्यवस्था आली. डोकी मोजून पैसे मिळणारा माणूस डोक्यांची राखण करणार नाही, एवढे शहाणपण तोवर आलेले होते.

पण हे शहाणपण बंदरापाशी थांबले. एजंट पगारी झाला; त्याच्याखालचा दलाल माणशीच राहिला. पुरुषामागे इतके, स्त्रीमागे त्याहून अधिक. कारण पुढे शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवण्याचा नियम झाला आणि स्त्रिया मिळणे कठीण. म्हणजे कागदावर न्याय, आणि गावच्या यात्रेत, धर्मशाळेत, दुष्काळी रस्त्यावर मात्र बाजार. वरच्याला स्वच्छ ठेवायचे आणि खालच्याला घाण करायला लावायची, ही युक्ती कारभाराइतकीच जुनी असावी.

माणशी वेतन नेहमी वाईटच, असेही नाही. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजकडे गेलेल्या जहाजांवर सरासरी शेकडा सतरा माणसे वाटेत मेली. अशा जहाजांवरच्या डॉक्टरला मोबदला कसा देत? जिवंत उतरलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक शिलिंग! चढवलेल्या माणसामागे नव्हे, उतरलेल्या जिवंत माणसामागे. येथे मोजणी आणि माणुसकी एका दिशेला चालत होत्या. दलालाचा दर माणूस जहाजात चढला की पुरा होई. पुढे तो जगला काय, मेला काय, सारखेच. दोघांनाही माणशीच पैसे. पण एकाच्या पैशाने माणूस वाचे आणि दुसऱ्याच्या पैशाने तो विकला जाई. तेव्हा तपासणाऱ्याचे वेतन ठरवताना 'किती' इतकेच 'कशाबद्दल' हेही विचारावे लागते.

मॉरिशसमध्ये पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. तेथे एक कुप्रसिद्ध रीत होती, 'दुहेरी कपात'. मजूर एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आजारी असो, थकलेला असो. महिना पाच रुपये कमावणाऱ्याच्या खात्यात अशा कपातीनंतर काय उरत असेल? १८७१ साली आडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका सहृदय मळेवाल्याने मुदत संपलेल्या मजुरांच्या वतीने एक अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ सह्या आणि निशाण्या होत्या. त्यातून फ्रियर आणि विल्यमसन यांचा शाही आयोग नेमला गेला. यांतले विल्यम एडवर्ड फ्रियर मुंबई इलाख्याच्या नोकरीत राहिलेले गृहस्थ. आयोगाने वह्या उघडल्या, मळे पाहिले, आणि १८७५ साली दिलेल्या अहवालात संरक्षक खात्यापासून मॅजिस्ट्रेटांपर्यंत सर्वांवर ठपका ठेवला. थकलेली मजुरी, बेकायदा कपाती, आणि हे सारे ज्यांनी थांबवायचे त्यांची डोळेझाक. १८७८ साली नवा मजूर कायदा झाला. दुहेरी कपात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिली.

१८७५ हे साल वाचकांच्या ध्यानात आले असेलच. इकडे सुप्यात आणि नगरच्या गावांत रोखे जळत होते, तिकडे मॉरिशसच्या वह्यांवरचा अहवाल बाहेर पडत होता. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच तक्रार होती: आमचा हिशेब कुणी पाहत नाही.

त्या संरक्षकांना पगार नव्हता असे नाही. मॉरिशसच्या संरक्षकाचा पगार वसाहतीच्या तिजोरीतून येई आणि ती तिजोरी साखरेवर चाले. मळेवाले हेच तेथले प्रतिष्ठित, त्यांच्याकडेच जेवणाची आमंत्रणे, त्यांच्याशीच उठबस. पगार कागदोपत्री सरकारचा, पण वारा वाहायचा तो मळ्यावरून. अशा हवेत ताठ उभे राहायला फार मोठा कणा लागतो, आणि कायदा काही सर्वांना कणा वाटू शकत नाही. त्याने निदान वाऱ्यापासून आडोसा तरी करून द्यावा!

तरीही त्या अनाम कारकुनांपैकी अनेकांनी आपले काम नीट केले. त्यांच्या नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली त्या 'आप्रवासी घाटा'ला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आज चौथ्या-पाचव्या पिढीतली माणसे त्या वह्यांत पणजोबांचे नाव शोधतात. गावाचे नाव सापडले की डोळे पुसत बाहेर येतात. दीडशे वर्षांपूर्वी रांगेतल्या दमलेल्या माणसाला कुणा कारकुनाने पुन्हा एकदा विचारले असेल, "गाव कोणते म्हणालास?" आणि ते नीट लिहिले असेल. त्या एका ओळीवर आज एका कुटुंबाचा देश उभा आहे. ज्याने घाईत काहीतरी खरडले, त्याच्या ओळीपाशी वंशजांची वाट संपते. सरळ लिहिणाऱ्याला त्याबद्दल जास्तीचा एक पैसाही मिळाला नसेल.

गोखल्यांपासून लोणीपर्यंत

गिरमिटाची वही शेवटी बंद करण्यात एका मराठी गणिताच्या शिक्षकाचा मोठा वाटा आहे. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले. १८९७ साली विलायतेत वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देणारा हा माणूस म्हणजे साऱ्या साम्राज्याचा बिनपगारी तपासनीसच होता. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिटाची पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. ठराव फेटाळला गेला. गोखले १९१५ साली गेले. पण त्यांनी मांडलेला हिशेब खोडता आला नाही. १९१७ साली भरती थांबली आणि १९२० मध्ये उरलेसुरले करारही रद्द झाले.

त्याच गोखल्यांच्या नावाने पुण्यात १९३० साली अर्थशास्त्राची संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. आणि हेच गाडगीळ, विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने, आपल्या लोणीच्या माळावर उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस त्या कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि शेतकरी साखरेचा मालक झाला. मॉरिशसचा ऊस मळेवाल्याचा होता. प्रवरेचा ऊस सभासदाचा. केवढा हा फरक! त्याचे मोल कमी करण्याचा विचार मनातही नाही.

पण ऊस तोडतो कोण?

खाडा

दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या आपल्या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. गाडीवर संसार, शेळी-कोंबडी, लहान पोरे. दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेजच्या वर्गातलीही काही बाके रिकामी राहतात. कुणाच्या आईच्या जागी, कुणाच्या आजारी बापाच्या जागी पोरगा कोयत्यावर गेलेला असतो. पाच-सहा महिने फडावर.

'फड' हा शब्द पाहा. उसाचा तो फड, आणि पेशव्यांच्या पुण्यातल्या हिशेबाच्या मोठ्या कचेरीचे नावही हुजूर फडच. एका फडात देशाचा जमाखर्च तपासला जाई. दुसऱ्या फडात ज्यांचा जमाखर्च कुणीच तपासत नाही अशी माणसे राबतात.

या हिशेबाची रीत अशी. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, मुकादम उचल देतो. उचल घेतली की जोडपे बांधले गेले. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसे दोन, खाते एक, आणि ते बहुधा नवऱ्याच्या नावे. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी धरायची आणि ती उचलीतून वळती करायची. आठवड्याची खर्ची वेगळी, तीही खात्यावर. जानेवारी २०२४ मध्ये मजुरीत ३४ टक्के वाढ होऊन टनाला ३६६ रुपये असा दर ठरला, आणि मुकादमाचे कमिशन २० टक्के झाले.

आपण सारे शिकलेले लोक आहोत; हा हिशेब मांडून पाहू. समजा, एका जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला. ३६६ दुणे ७३२ रुपये, दोघांचे मिळून. समजा, उचल एक लाखाची आहे. ती फेडायला ७३२ रुपये रोजाने १३७ दिवस लागतील. तेही एकही खर्ची न घेता, म्हणजे न जेवता. हंगाम असतो जेमतेम पाच-सहा महिन्यांचा. मग ट्रॅक्टर आला नाही म्हणून तोड थांबली, अवकाळी पाऊस आला, पोर तापले, हे दिवस कुठून काढायचे? हंगामअखेर 'फिरले' असे जे म्हणतात ते हेच: उचल फिटली नाही, बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर.

आणि आता 'खाडा'. एखाद्या दिवशी कामावर गेले नाही तर त्या दिवसाची मजुरी जाते, हे उघडच आहे. पण कित्येक टोळ्यांत त्यावर दंडही बसतो. दिवसाला पाचशे रुपये, कुठे त्याहूनही अधिक. मजुरी गेली ती गेलीच, वर दंड उचलीत मिळवला जातो. वाचकहो, याला मॉरिशसमध्ये काय म्हणत होते, ते मघाशी आपण पाहिले. दुहेरी कपात! नाव बदलले, पीक तेच राहिले.

या खाड्याच्या भीतीने बाया आजारपण अंगावर काढतात, बाळंतपणानंतर आठवड्याभरात फडावर उभ्या राहतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. महिन्याच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही, हे कारण त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. वहीतल्या एका ओळीची धार शरीरापर्यंत पोहोचते ती अशी.

मुकादमाला खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तोही बहुधा त्याच तालुक्यातला, कधी काळी स्वतः कोयता चालवलेला. कारखान्याकडून आगाऊ रक्कम आणायची, ती वाटायची, टोळी पळाली तर अंगावर घ्यायची. त्याचे कमिशन तोडीवर, म्हणून जितके कोयते तितकी कमाई. दलालाला माणशी पैसे देऊन त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा करणे ही चूक १८३४ साली झाली, आणि आजही तीच होते आहे. वही मुकादमाचीच, लिहिणाराही तोच, तपासणाराही तोच. या व्यवस्थेत मजमुदार कुठे आहे?

तपासणाऱ्याला काय द्यावे?

स्वतंत्र भारताची घटना करताना या प्रश्नाचे फार चांगले उत्तर दिले गेले. देशाच्या महालेखापरीक्षकाचा पगार व त्याच्या कचेरीचा खर्च संचित निधीवर टाकला. नेमणुकीनंतर त्याच्या वेतनात त्याला अहितकारक बदल करता येत नाही. आणि निवृत्तीनंतर त्याला सरकारी पद घेता येत नाही. घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे मत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत मांडले होते. गावपातळीवरही १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आला. सहकारी पतसंस्थांच्या १९०४ च्या पहिल्या कायद्यात दरवर्षी सरकारी तपासणी सक्तीची होती. २०१३ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात संस्थांनी सरकारी यादीतून आपला तपासनीस आपणच नेमायचा आणि त्याची फी आपणच द्यायची, अशी पद्धत आली. तिची सोय कळते, पण जुन्या दरकदारांची आठवणही येते. ज्याचे पान वाढतो त्याच्याच ताटातले केस शोधायला माणूस सहसा धजत नाही.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तितकीच भर सरकारने घालावी, अशी त्याच्या निधीची योजना ठरली. वसतिगृहे हवीत, विमा हवा, ओळखपत्रे हवीत. त्यांच्या जोडीला मजुराचे खाते तपासणारा एक पगारी माणूस हवा, एवढेच या लेखाचे मागणे आहे. खर्चाची भीती वाटणाऱ्यांसाठी आणखी एक अंकगणित. समजा, एका कारखान्याचे गाळप आठ लाख टनांचे आहे. टनामागे एक रुपया बाजूला काढला तर आठ लाख रुपये होतात. दोन तपासनीस, महिना तीस हजार पगार, बारा महिने: सात लाख वीस हजार. उरलेल्या ऐंशी हजारांत त्यांच्या मोटारसायकलींचे पेट्रोल. टनामागे एका रुपयात हजारो कोयत्यांना मजमुदार मिळतो!

मात्र त्याचा पगार महामंडळाने द्यावा; कारखान्याने नव्हे, मुकादमाने नव्हे. तो किती खाती 'बरोबर' ठरवतो यावर ठरू नये. आणि तो इतका असावा की फडावर गेल्यावर त्याला कुणाच्या मटणाच्या रश्श्याचा मोह पडू नये आणि घरी पोरांची फी भरताना कुणापुढे हात पसरावा लागू नये. कामही फार विद्वत्तेचे नाही. दर आठवड्याला वजनाची पावती पाहायची, खर्ची लिहायची, खाडा लावला असेल तर कोणत्या आधाराने लावला ते विचारायचे, बाईच्या अर्ध्या कोयत्याची मजुरी तिच्या नावे दाखवायची, आणि हंगाम संपताना प्रत्येकाच्या हातात मराठीत लिहिलेला हिशेबाचा कागद द्यायचा. १८७९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या शेतकऱ्याला दिलेला हा हक्क. तो त्याच्याच शिवारात ऊस तोडणाऱ्याला द्यायला दीड शतक पुरेसे झाले.

स्वस्तात मिळणारा तपासनीस शेवटी फार महाग पडतो, आणि त्याची किंमत भरतात ती माणसे दुसरीच असतात. यंदा भाऊबीजेच्या ओवाळण्या चालू असतील तेव्हा काही बहिणी पाचटाच्या कोपीबाहेर चूल पेटवीत असतील आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधत असतील. चहात साखर घालताना त्यांच्या खात्यावर आज काय लिहिले गेले, एवढा प्रश्न आपल्या मनात येऊ द्यावा. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेला आपल्यापैकी जो सभासद जाणार असेल, त्याने तो तेथे उभे राहून विचारावा.